वह्या अनेक, हिशेब एक : संगणकावर तक्ते जोडताना घ्यावयाची काळजी



सोयाबीनची रास होऊन माल बाजारात गेला की शेतकरी गटांत आणि उत्पादक कंपन्यांत हिशेबाचे दिवस सुरू होतात. बियाणे-खताच्या वाटपाची वही एकाकडे, बाजाराच्या पट्ट्या दुसऱ्याकडे, सभासदांची यादी सचिवाच्या संगणकात आणि पावसाचे आकडे कोणाच्या तरी मोबाइलवर, अशी स्थिती असते. बँकेला, लेखापरीक्षकाला आणि सभासदांना मात्र एकच अहवाल हवा असतो. पूर्वी हे काम दिवाणजी रोजकीर्द व खतावणी समोरासमोर ठेवून करीत. आता एक्सेल, लिबरऑफिस, पॉवर बीआय यांसारख्या प्रणाली वेगवेगळ्या ठिकाणची माहिती क्षणार्धात एकत्र जोडून देतात. परंतु चुकीची जोडणीही तेवढ्याच क्षणात होते आणि ती सहसा लक्षात येत नाही. अहवाल सुबक छापून येतो, बेरजा बरोबर मारलेल्या असतात, फक्त आकडा खोटा असतो. अशी चूक कोठे व का होते आणि ती कशी ओळखावी, याची माहिती सदर लेखात दिली आहे.

उदाहरणासाठी चौसाळा परिसरातील गट डोळ्यांसमोर धरू. बीड तालुक्यातील चौसाळा हे धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावरील गाव. येथून कोणी सोयाबीन बीडला नेतो, कोणी बार्शीला, तर कोणी लातूरला. प्रत्येक बाजारातील अडत्याची पट्टी वेगळ्या नमुन्याची. समजा, अशा गटात ४० सभासद आहेत. सर्वांनी मिळून निविष्ठा घेतल्या, माल मात्र आपापल्या सोयीने विकला. वर्षअखेर गटाला कोणत्या सभासदाला किती खर्च आला आणि हाती किती पडले, हे काढावयाचे आहे.

एक ओळ म्हणजे काय?

तक्ते जोडण्याआधी प्रत्येक वहीला एक प्रश्न विचारावा. या वहीतील एक ओळ कशाची आहे? सभासद यादीत एक ओळ म्हणजे एक माणूस. निविष्ठा वहीत एक ओळ म्हणजे एक खरेदी. एकाच माणसाच्या नावापुढे बियाणे, खत व तणनाशक अशा तीन ओळी असू शकतात. विक्रीच्या तक्त्यात एक ओळ म्हणजे एक पट्टी. सातबाऱ्यावर पाहिले तर एका गटात चार भावांची नावे असतात आणि एका भावाची जमीन तीन गटांत असते. हा प्रश्न साधा वाटतो म्हणून कोणी विचारत नाही. पुढील निम्म्याहून अधिक घोळ तेथूनच सुरू होतो.

आता एका सभासदाचा हिशेब पाहा. त्याने गटाकडून बियाणे ६,००० रुपयांचे, खत ५,४०० रुपयांचे व तणनाशक ३,६०० रुपयांचे घेतले. खर्च एकूण १५,००० रुपये. त्याच्या विक्रीच्या पट्ट्या दोन. पहिली ६ क्विंटलची, ४,२०० रुपये दराने २५,२०० रुपयांची. दुसरी ४ क्विंटलची, ४,३०० रुपये दराने १७,२०० रुपयांची. विक्री एकूण ४२,४०० रुपये. म्हणजे निविष्ठांचा खर्च वजा जाता २७,४०० रुपये उरले. (दर केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.)

निविष्ठा वही आणि विक्री तक्ता सभासद क्रमांकावर थेट एकमेकांस जोडले तर काय होईल? संगणक खर्चाच्या प्रत्येक ओळीला विक्रीची प्रत्येक ओळ लावतो. तीन गुणिले दोन, अशा सहा ओळी तयार होतात. प्रत्येक खरेदी दोनदा आणि प्रत्येक पट्टी तीनदा येते. खर्चाची बेरीज ३०,००० रुपये व विक्रीची १,२७,२०० रुपये होते. शिल्लक दिसते ९७,२०० रुपये! प्रत्यक्षात हाती आले त्याच्या साडेतीन पटींहून अधिक. एका सभासदाच्या बाबतीत हे डोळ्यांना खटकेल. पण चाळीस सभासदांची एकत्रित बेरीज मारली की कोणाच्याही लक्षात येत नाही, कारण काहींची एकच पट्टी असते व काहींची एकच खरेदी. त्यामुळे आकडा सरळ दुप्पट-तिप्पट होत नाही, मधेच कुठेतरी फुगतो आणि 'यंदा बरे साधले' असे वाटून जाते. त्या आकड्यावर पुढच्या हंगामाचे कर्ज मागितले, तर फेडताना काय होईल हे वेगळे सांगावयास नको.

यावरील उपाय सोपा आहे. खर्चाची वही आणि विक्रीचा तक्ता कधीही एकमेकांस थेट जोडू नयेत. आधी खर्चाची सभासदवार बेरीज करून घ्यावी, म्हणजे प्रत्येक सभासदाची एकच ओळ राहील. तसेच विक्रीचे करावे. मग हे दोन्ही सारांश सभासद यादीला जोडावेत. पॉवर बीआयमध्ये दोन्ही तक्ते मूळ स्वरूपात ठेवून प्रत्येकाचे नाते सभासद यादीशी लावता येते. मधली यादी खुंटासारखी असते आणि दोन्ही दावी त्याच खुंटाला बांधावयाची असतात. दावे दाव्याला बांधले तर गुंता होणारच.

एक्सेलमधील 'व्हीलुकअप' वापरणाऱ्यांची चूक याच्या नेमकी उलट असते. हे सूत्र पहिली जुळणारी ओळ सापडताच थांबते. वरील सभासदाच्या नावावर ते फक्त २५,२०० रुपयांची पट्टी आणून देईल. १७,२०० रुपयांची पट्टी वहीत असूनही अहवालात येणार नाही. शिवाय या सूत्राच्या शेवटच्या जागी शून्य किंवा 'फॉल्स' लिहिले नाही, तर ते तंतोतंत जुळणी न करता जवळपासचे काहीतरी उचलून देते. म्हणजे एकाच वह्यांतून एका पद्धतीने विक्री फुगते व दुसऱ्या पद्धतीने आटते.

जुळवणीची खूण

दोन तक्ते जोडावयाचे तर दोहोंत एक समान खूण हवी. जुने दिवाणजी कीर्दीतील नोंदीपुढे खतावणीचे पान लिहीत. खाते पान पाहिले की नोंद कोणत्या खात्यात गेली ते कळे, नाव वाचण्याची गरज नसे. संगणकालाही असेच खाते पान लागते. आपल्याकडे मात्र बहुधा नावावर जोडणी केली जाते आणि नावाइतकी बेभरवशाची खूण दुसरी नाही.

सभासद यादीत 'ज्ञानोबा' असतो, पट्टीवर 'ज्ञानदेव' आणि बँकेत आडनाव आधी. आपण पाहताच ओळखतो की माणूस एकच. संगणकाला तिघे वेगळे. नावाच्या शेवटी एक मोकळी जागा राहिली तरी पॉवर क्वेरीत जुळणी होत नाही. 'ट्रिम' या सूत्राने अशा जागा काढता येतात. पण मराठीत आणखी एक अडचण आहे, जी इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले नाव पडद्यावर मराठी दिसते, मात्र आतून ती रोमन अक्षरांची व चिन्हांची रांग असते. युनिकोडमधील त्याच नावाशी ते कधीच जुळणार नाही. युनिकोडमध्येही 'ऱ्य' हे जोडाक्षर एकाहून अधिक प्रकारे साठवले जाऊ शकते. दिसावयास सारखे, आतून निराळे. मराठी अंक आणि इंग्रजी अंक यांचेही तसेच.

गट नंबर ही खूण नावापेक्षा बरी, पण तिच्याही खोडी आहेत. पहिली म्हणजे १२५ क्रमांकाचा गट चौसाळ्यात असेल तसा शेजारच्या गावातही असेल. म्हणून गाव आणि गट नंबर या दोहोंची मिळून एक खूण करावी. गावाच्या नावाऐवजी जनगणनेतील सहा अंकी संकेतांक वापरल्यास सारख्या नावाच्या गावांचा घोटाळा टळतो. दुसरी खोड संगणकाची. एक्सेलमध्ये गट नंबर १२/५ असा टंकला की संगणक त्याची तारीख करतो आणि रकान्यात १२ मे दिसू लागते. एकदा तारीख झाली की नंतर रकान्याचा प्रकार बदलूनही मूळ नंबर परत मिळत नाही. त्यासाठी टंकण्यापूर्वीच तो रकाना 'टेक्स्ट' प्रकारचा करून ठेवावा.

बँक खाते क्रमांकाबाबतही हीच दक्षता घ्यावी. एक्सेल कोणत्याही संख्येतील पहिले १५ अंकच सांभाळते, पुढील अंकांच्या जागी शून्य घालते. सोळा अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून भरला तर शेवटचा अंक नाहीसा होतो. सुरुवातीचे शून्यही संख्येत टिकत नाही. असा क्रमांक दुसऱ्या तक्त्याशी जुळणार नाही हा झाला लहान तोटा. त्यावर पैसे पाठवावयाचे ठरले तर मोठा.

आधार क्रमांक ही खूण अचूक असली तरी गटाच्या कामासाठी वापरू नये. असे तक्ते व्हॉट्सॲपवर सहज फिरतात आणि कोणाचा आधार क्रमांक उघड करणे कायद्यानेही वर्ज्य आहे. गटाने स्वतःचा सभासद क्रमांक द्यावा. साधा १ ते ४० चालेल. तो प्रत्येक खरेदी पावतीवर आणि प्रत्येक पट्टीच्या मागे पेनाने लिहिण्याची सवय लावावी. पट्टी हाती आली त्याच दिवशी क्रमांक लिहिणे हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे. सहा महिन्यांनी तो शोधणे हे अर्ध्या दिवसाचे.

गळालेल्या ओळी

समजा, सर्व काळजी घेऊन जोडणी केली आणि ४० पैकी ३३ सभासद अहवालात आले. सात कोठे गेले? दोन्ही तक्त्यांत असलेल्याच ओळी ठेवण्याची जी पद्धत आहे, तिला या प्रणालींत 'इनर' जोडणी म्हणतात. तीत न जुळलेल्या ओळी गुपचूप गळून पडतात. 'लेफ्ट आउटर' पद्धतीत सभासद यादीतील सर्व ४० ओळी राहतात आणि ज्यांची विक्री सापडली नाही, त्यांच्यापुढे रिकामी जागा दिसते. गटाच्या अहवालासाठी हीच पद्धत वापरावी. पॉवर क्वेरीत 'लेफ्ट अँटी' नावाचा तिसरा प्रकार असून तो फक्त न जुळलेल्यांची यादी काढून देतो. आमच्या मते सर्वांत उपयोगी जोडणी हीच, पण तिचा वापर क्वचितच होताना दिसतो.

कारण ही सात नावे एका कारणाने गळलेली नसतात. चौघांच्या नावाचे लेखन वेगळे असेल. दोघांनी भावाच्या किंवा पत्नीच्या नावावर माल घातला असेल. सातव्याने मात्र काही विकलेच नसेल, कारण पीक हाती आले नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत बीड, धाराशिवसह मराठवाड्यात अनेकांचे सोयाबीन उभ्या शेतात पाण्याखाली गेले. असा शेतकरी विक्रीच्या तक्त्यात असणारच नाही. पहिल्या चौघांची नावे दुरुस्त करावी, दोघांची विचारून खात्री करावी आणि सातव्यापुढे शून्य लिहावे. रिकामी जागा म्हणजे 'माहिती नाही' आणि शून्य म्हणजे 'माहिती आहे, काही मिळाले नाही'. हा फरक संगणकाला कळत नाही, आपणास कळला पाहिजे. काही जण व्हीलुकअपमध्ये येणारी 'एन/ए' ही खूण वाईट दिसते म्हणून तेथे सरसकट शून्य येईल असे सूत्र लावतात. मग ज्याचे नाव चुकले तोही नापिकीत जमा होतो.

याचा परिणाम सरासरीवर किती होतो ते पाहा. दहा जणांनी एकेक एकर सोयाबीन केले. आठ जणांनी मिळून ४८ क्विंटल विकले, दोघांचे पीक गेले. दोघे गळाले तर सरासरी एकरी ६ क्विंटल. ते धरले तर ४.८ क्विंटल. ज्याचे सर्वाधिक नुकसान झाले तोच हिशेबातून नाहीसा झाला आणि त्यामुळे गटाचे वर्ष चांगले दिसू लागले!

सरकारी याद्यांतील अनुभव

हा प्रश्न गटाच्या वहीपुरता नाही. जून २०१७ मध्ये राज्यात छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. दीड लाख रुपयांपर्यंतच्या थकबाकीचा लाभ देताना कुटुंब हे एकक धरले होते. अर्ज ऑनलाइन व कुटुंबाचा, तर बँकांकडील माहिती कर्जखात्यांची. म्हणजे एका यादीतील ओळ कुटुंबाची, दुसरीतील खात्याची. त्यातच एकच आधार क्रमांक अनेक नावांपुढे आढळला. याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या आणि पात्र असूनही अनेकांना खात्यात रक्कम जमा होण्याची महिनोन्महिने वाट पाहावी लागली.

डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत रचना बदलली. अर्ज मागविले नाहीत. कुटुंबाऐवजी वैयक्तिक शेतकरी हे एकक धरले आणि आधारशी जोडलेले कर्जखाते ही खूण ठरविली. २४ फेब्रुवारी २०२० पासून याद्या प्रसिद्ध होऊ लागल्या, त्यात प्रत्येकास विशिष्ट क्रमांक होता. शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन आधार प्रमाणीकरण करावयाचे आणि दिसणारी रक्कम मान्य की अमान्य ते सांगावयाचे, अशी पद्धत होती. जोडणी झाल्यावर ज्याचा हिशेब त्याला दाखवून विचारणे, ही यातील घेण्यासारखी गोष्ट. मात्र ज्यांचे खाते आधारशी जोडलेले नव्हते, त्यांना आधी ते जोडून घ्यावे लागले. खूण कितीही चांगली असली तरी जिच्यापुढे ती लिहिलेलीच नाही, ती ओळ बाहेर राहते.

ई-पीक पाहणी राज्यभर ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. आता पीक विम्याचा अर्ज, सातबारा आणि पीक पाहणी यांचा मेळ घातला जातो. एक रुपयात पीक विमा असताना, म्हणजे खरीप २०२३ पासूनच्या काळात, दुसऱ्याच्या किंवा सरकारी जमिनीवर विमा उतरविल्याचे प्रकार बीडसह अनेक जिल्ह्यांत उघडकीस आले, ते असा मेळ घातल्यामुळेच. पण त्याच चाळणीत प्रामाणिक शेतकऱ्याचा अर्जही अडकू शकतो. विम्यात सोयाबीन आणि पीक पाहणीत चुकून तूर नोंदली गेली, तर शेतातले पीक पाहावयास संगणक येत नाही. डिसेंबर २०२४ पासून ॲग्रिस्टॅक अंतर्गत शेतकरी ओळख क्रमांक देण्यास सुरुवात झाली असून १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी तो आवश्यक केला आहे. आपला क्रमांक काढताना आपल्या नावावरील सर्व गावांतील सर्व गट त्यास जोडले गेले की नाही, हे तेथेच पाहून घ्यावे. एखादा गट राहिला तर त्या गटावरील पीक पुढील जोडणीत दिसणार नाही.

एकके आणि पाऊस

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटरमध्ये असते आणि १.२०.५० असे लिहिलेले असते. दोन टिंबे पाहून संगणक ती संख्या मानत नाही. ती १.२०५० हेक्टर अशी लिहावी. गटाची वही मात्र एकर-गुंठ्यांत असते. एक एकर म्हणजे ४० गुंठे, सुमारे ०.४० हेक्टर. एक गुंठा म्हणजे जवळजवळ एक आर. जोडणीपूर्वी सर्व क्षेत्र एकाच मापात आणावे. मालाचेही तसेच. पट्टी क्विंटलमध्ये व घरची नोंद कट्ट्यांत असेल तर कट्टा किती किलोचा, ते आधी लिहून ठेवावे.

पावसाचे आकडे महसूल मंडळनिहाय मिळतात. त्यासाठी कोणते गाव कोणत्या मंडळात, असा एक छोटा जोडतक्ता लागतो. मंडळांची फेररचना होते, म्हणून या तक्त्यात वर्षही लिहावे. चौसाळा मंडळात एका दिवशी ६५ मिलिमीटर पाऊस झाला, तर तो आकडा चाळीसही सभासदांपुढे येईल. येथवर ठीक. पण अहवालाने सवयीने त्या रकान्याची बेरीज मारली की २,६०० मिलिमीटर पाऊस निघतो, कोकणात वर्षभरात पडावा एवढा! अशा रकान्याची बेरीज बंद ठेवावी. शिवाय तो आकडा मंडळातील पर्जन्यमापकाचा आहे, आपल्या बांधावरचा नव्हे, हे अहवाल वाचताना ध्यानात असू द्यावे.

जोडणीपूर्वी व जोडणीनंतर

काम सुरू करण्याआधी एका कागदावर प्रत्येक तक्त्यातील ओळींची संख्या आणि रकमेची बेरीज टिपून ठेवावी. सभासद ४०, एकूण खर्च इतका, एकूण विक्री इतकी. जोडणी झाल्यावर हेच तीन आकडे पुन्हा पाहावेत. सभासद कमी झाले तर गळती आहे. रक्कम वाढली तर ओळी दुणावल्या आहेत. दोन्ही चुका एकदम झाल्यास बेरीज योगायोगाने जवळपास येऊ शकते, म्हणून रक्कम व ओळी दोन्ही तपासाव्यात. त्यानंतर कोणतेही तीन सभासद निवडून त्यांचा हिशेब मूळ पावत्यांवरून हाताने करावा. त्यांपैकी एक अनेक पट्ट्यांचा व एक विक्री नसलेला असावा.

मूळ तक्त्यात दुरुस्ती करू नये. त्याची प्रत काढून तीत करावी आणि कोणते नाव कशाशी जुळविले ते वेगळ्या पानावर लिहावे. हे पान पुढील वर्षी पुन्हा उपयोगी पडते. न जुळलेल्या नावांची यादी गटाच्या मासिक बैठकीत वाचून दाखवावी. कोणाचा माल कोणाच्या नावावर गेला, हे संगणकाला महिनाभर शोधून सापडणार नाही. बैठकीत ते दोन मिनिटांत कळते. यादी वाचताना ज्यांच्यापुढे शून्य आहे, त्यांची नावे मात्र सर्वांसमक्ष न वाचता अध्यक्षाने त्यांच्या घरी जाऊन विचारून घ्यावीत.